बीजक गहाळ झाले की वाममार्गाला लागले? तुर्की भाषकांसाठीच्या एका इंग्रजी वाक्प्रचार-पाठाचे परीक्षण

इस्तंबूलच्या आशियाई काठावर, कादिक्योय भागात, मी नोकरीधंदा सांभाळून शिकायला येणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातील एक कस्टम्स दलाल छापून आणलेला ईमेल हातात घेऊन आला आणि कोट काढण्याआधीच म्हणाला, “होजाम, या लोकांनी मला चोर ठरवले आहे.” होजाम म्हणजे ‘माझे गुरुजी’, शिकवणारी बाई असो वा पुरुष, तुर्कीत संबोधन हेच. ईमेल एका इंग्रज पुरवठादाराचा होता, आणि त्यात एवढेच लिहिले होते की मूळ बीजक ‘गो अस्ट्रे’ झालेले दिसते, तरी कृपया दुसरी प्रत पाठवावी. माझ्या विद्यार्थ्याने मोबाइलवरील आपल्या पाठात हा वाक्प्रचार शोधला होता, आणि तेथे त्याचा तुर्की अर्थ ‘योल्दान चिक्माक’ असा दिला होता. शब्दशः पाहिले तर ‘वाटेवरून बाहेर पडणे’ हा अर्थ बिनचूक आहे. परंतु तुर्कीत गाडी किंवा आगगाडी योल्दान चिक्माक करते तेव्हा अपघात होतो, आणि माणूस करतो तेव्हा तो वाममार्गाला लागतो. कागदाला चारित्र्य नसते. त्यामुळे बिघडले ते कागद हाताळणाऱ्याचे चारित्र्य, म्हणजे आपले, असा निष्कर्ष त्या बिचाऱ्याने काढला आणि त्याच रात्री एक कडक उत्तर पाठवून दिले.

मराठीत आपण अशा वेळी ‘बीजक गहाळ झाले’ असे म्हणतो आणि पुढे जातो. कोणी गहाळ केले, हे त्या क्रियापदात मुद्दामच सांगितलेले नसते. इंग्रजी ‘गो अस्ट्रे’ची खुबीही तीच आहे: पत्र आपल्या पायांनी वाट चुकले, टपालखात्याचा दोष नाही, तुमचा नाही, आमचाही नाही. ज्या शब्दांनी इंग्रज माणूस आरोप टाळत होता, त्याच शब्दांतून तुर्की माणसाला आरोप ऐकू आला. तुर्कीत येथे ‘कायबोल्माक’, म्हणजे हरवणे, हे साधे क्रियापद पुरेसे होते. या प्रसंगामुळे मी तो संपूर्ण पाठ स्वतः विकत घेऊन पाहिला, आणि पुढे सहा आठवडे वर्गात वापरलाही. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण दाखवलेले बहुतेक दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत आणि त्यांपैकी एक दुरुस्त झालाही आहे.

सेवेचे स्वरूप साधे आहे. दर आठवड्याला एका कल्पनेभोवती गुंफलेले इंग्रजी वाक्प्रचार मोबाइलवर येतात. प्रत्येक वाक्प्रचाराचे एक कार्ड असते, त्यावर तुर्की अर्थ, दोन इंग्रजी वाक्ये आणि ती वाचून दाखवणारा आवाज असतो, आणि शेवटी गाळलेल्या जागा भरण्याचा सराव असतो. वर्गणी महिन्याला फेरीबोटीच्या धक्क्यावरील दोन सिमित (तिळाचे कडबोळ्यासारखे पाव) आणि दोन चहांइतकी, म्हणजे कोणालाही परवडेल अशी आहे. वाट सोडण्याविषयीच्या या पाठात 24 कार्डे आहेत. त्याच्या मुखपृष्ठावर ‘स्युर्यूदेन आयरिलानि कुर्त कापार’ ही तुर्की म्हण आहे, म्हणजे कळपातून जो सुटतो त्याला लांडगा उचलतो. म्हणीची निवड मला आवडली, कारण वाट सोडण्याकडे तुर्की भाषा कोणत्या नजरेने पाहते, ते या एका ओळीत स्पष्ट होते.

पाठ करणाऱ्यांच्या ध्यानात मात्र हीच गोष्ट आलेली दिसत नाही. त्यांनी प्रत्येक कार्डावर अर्थ दिला आहे. वजन दिलेले नाही. इंग्रजीत वाट सोडणे ही बहुतेक वेळा हलकी गोष्ट असते: पत्र सोडते, वक्ता सोडतो, सहलीला गेलेला प्रवासी तर हौसेने सोडतो. तुर्कीत ‘योल’ म्हणजे रस्ता, पण तो शब्द केवळ रस्त्यापुरता राहिलेला नाही. सर्व ठीक चालले असेल तर ते ‘योलुंदा’, म्हणजे वाटेवर आहे. हट्टी माणसाला वठणीवर आणणे म्हणजे ‘योला गेतिर्मेक’, वाटेवर आणणे. नोकराला काढून टाकणे म्हणजे त्याला ‘योल वेर्मेक’, वाट देणे. आणि सरकारी पैशाचा अपहार, लाचखोरी, भ्रष्टाचार या सर्वांना वर्तमानपत्रांत एकच शब्द असतो, ‘योल्सुझलुक’. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाट नसणे’. ज्या भाषेत भ्रष्टाचाराचे नावच वाट नसणे हे आहे, त्या भाषेच्या माणसाला ‘बीजक वाटेवरून उतरले’ असे सांगितल्यावर तो दचकला, तर त्यात नवल नाही. आपल्याकडे ‘वाट लागणे’ म्हणजेच नाश होणे असल्यामुळे तुर्की शिकू लागलेल्या मराठी माणसाला ‘योलुंदा’ ऐकताना पहिले काही दिवस उलटाच धक्का बसतो. मला तो बसला होता.

पाठातील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत फसलेले कार्ड ‘द स्ट्रेट अँड नॅरो’ हे आहे. सरळ आणि अरुंद वाट सोडणे, म्हणजे सद्वर्तन सोडणे, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातून, सातव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनातून आला आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात दार ‘स्ट्रेट’ आणि वाट अरुंद असल्याचे म्हटले आहे. पण तेथला ‘स्ट्रेट’ सरळ या अर्थाचा नव्हे. तो निराळ्या स्पेलिंगचा, ‘चिंचोळा’ या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि उच्चार एकच असल्यामुळे पुढच्या लोकांनी त्याला सरळ करून टाकले. हा जुना शब्द इंग्रजीत आज मुख्यतः भूगोलात उरला आहे, सामुद्रधुनीच्या अर्थाने. इस्तंबूलच्या माणसाला तो समजावून देण्यास कार्डाची गरजच नसावी. काळा समुद्र आणि मारमारा समुद्र यांना जोडणारी सुमारे 30 किलोमीटर लांबीची बोस्फोरसची सामुद्रधुनी रुमेली किल्ला आणि अनादोलू किल्ला यांच्यामध्ये जेमतेम 700 मीटर रुंद उरते. तुर्की लोक तिला ‘बोआझ’, म्हणजे गळा, म्हणतात. माझे निम्मे विद्यार्थी रोज फेरीबोटीने तिचे तोंड ओलांडून कामावर जातात. मी फळ्यावर दोन्ही स्पेलिंगे लिहून एकाखाली तिचा नकाशा काढला, तेव्हा अरुंद वाटेचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला. कार्डावर या सगळ्याचा उल्लेख नाही.

तुर्की बाजूची संपत्तीही कार्डाने तशीच वाया घालवली आहे. सरळ वाट, ‘दोरु योल’, ही कल्पना तुर्की माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. कुराणाच्या पहिल्याच अध्यायात ‘आम्हाला सरळ मार्ग दाखव’ अशी प्रार्थना आहे आणि ती प्रत्येक नमाजात म्हटली जाते. तेथला अरबी शब्द ‘सिरात’ तुर्कीत ‘सिरात’ म्हणूनच नांदतो. शिवाय कयामतीच्या दिवशी ओलांडायचा सिरात नावाचा पूल केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार असतो, हे येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. म्हणजे सरळपणाही झाला आणि अरुंदपणाही झाला. अभ्यासक असेही मानतात की हा ‘सिरात’ मुळात फरसबंद रस्त्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून पूर्वेकडे आला, आणि त्याच शब्दावरून इंग्रजीला ‘स्ट्रीट’ मिळाला. तेव्हा हे दोन शब्द दूरचे भाऊबंद ठरतात. राजकारणातही ही वाट आहेच. 1983 साली स्थापन झालेल्या आणि सुलेमान देमिरेल यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या पक्षाचे नावच ‘दोरु योल पक्ष’ होते, आणि त्याच पक्षाच्या तान्सु चिल्लेर 1993 साली तुर्कस्तानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्या काळी ‘दोरु योल सोडला’ या वाक्याचा अर्थ नीती सोडली की पक्ष सोडला, हे संदर्भावरूनच ठरवावे लागत असणार.

इतके सारे हाताशी असताना कार्डावर अर्थ दिला आहे ‘क्योत्यू योला द्यूश्मेक’, म्हणजे वाईट वाटेला पडणे, आणि माझ्या मते ही या पाठातील सर्वांत गंभीर चूक आहे. हा तुर्की वाक्प्रचार बहुतेक वेळा बाईविषयी वापरतात आणि त्याचा रोख देहविक्रयाकडे असतो. आपल्याकडेही ‘तिचे पाऊल वाकडे पडले’ असे म्हणतात. ‘त्याचे’ पाऊल वाकडे पडल्याचे फारसे ऐकू येत नाही. इंग्रजी वाक्प्रचारात हा स्त्रीपुरुषभेद नाही, आणि आज तो पुष्कळदा थट्टेतच वापरला जातो: पथ्यावर असलेल्या माणसाने केक खाल्ला, तरी तो सरळ आणि अरुंद वाटेवरून घसरला असे म्हणतात. कार्डावरील उदाहरण नेमके तेच होते. नाताळाच्या सुट्टीत एका बाईने आहाराची सरळ वाट सोडली, असे ते वाक्य. आणि त्याखाली हा तुर्की अर्थ. औषधांचे दुकान चालवणारी माझी एक विद्यार्थिनी ते वाचून आधी लाजली आणि मग इतकी हसली की तास थांबवावा लागला. या हलक्या वापराला तुर्कीत फार सुंदर शब्द आहे, ‘काचामाक’. ‘काचमाक’ म्हणजे पळणे, आणि काचामाक म्हणजे छोटेसे, चोरटे पळून जाणे. पथ्यावरचा माणूस बाक्लाव्याचा तुकडा तोंडात टाकतो तेव्हा तो काचामाक करतो. गंभीर वापरासाठी ‘दोरु योल सोडणे’ आणि थट्टेसाठी ‘काचामाक’, असे दोन अर्थ दिले असते तर हेच कार्ड पाठाचा दागिना ठरले असते.

‘ऑफ द बीटन ट्रॅक’ या कार्डावर अर्थ चुकलेला नाही, पण हवामान चुकले आहे. पायांनी तुडवून तयार झालेल्या वाटेपासून दूर, म्हणजे गर्दी पोहोचत नाही अशा जागी. पर्यटनाच्या इंग्रजीत हे कौतुक आहे. मराठी पुरवण्यांत ‘आडवाटेवरचे’ हे विशेषण अलीकडे असेच कौतुकाचे झाले आहे. कार्डावर दिलेला प्रतिशब्द मात्र ‘कुश उच्माझ केर्वान गेच्मेझ’ हा आहे: जेथे पाखरू उडत नाही आणि तांडा जात नाही. वाक्प्रचार म्हणून तो अप्रतिम आहे, उच्चारताना चारही शब्द पावलांसारखे पडतात. परंतु तो ऐकून कोणी खोली आरक्षित करणार नाही. त्यात भीती आहे, बदलीची शिक्षा आहे, दवाखाना नसलेले खेडे आहे. पाहुण्यांसाठी घरगुती निवास चालवणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या तुर्की जाहिरातीत तो घालून पाहिला आणि तिच्या थोरल्या बहिणीने तो लगेच काढायला लावला. कार्डावरील छायाचित्राने तर कहरच केला आहे. ते पूर्वेकडील कार्स प्रांतातल्या आनी या उजाड नगरीचे आहे, जिला 2016 साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आनी आजच्या पर्यटकांच्या मुख्य वाटेपासून दूर आहे हे खरे. पण ती नगरी मुळात भरभराटीला आली ती रेशीम मार्गावर होती म्हणूनच. जेथून शतकानुशतके तांडे गेले, त्या जागेच्या चित्राखाली ‘तांडा जात नाही’ असे लिहिणाऱ्याने चित्र आणि मजकूर एकत्र पाहिलेले नसावेत. तुर्कीत ‘सापा’ हे साधे विशेषण आहे, मुख्य रस्त्यापासून बाजूला असलेले; ते येथे चालले असते.

कोणाला ‘अप द गार्डन पाथ’ नेणे, म्हणजे गोड बोलून फसवणे, याला मराठीत ‘दिशाभूल करणे’ हा जवळजवळ जुळा शब्द आहे. पाठाने तुर्कीत ‘बाश्तान चिकार्माक’ दिला आहे, आणि त्याचा पहिला अर्थ मोहात पाडणे, तेही बहुधा शृंगाराच्या बाजूने. त्यामुळे घरांच्या दलालाने आम्हाला फसवले, या निरुपद्रवी इंग्रजी वाक्याखाली त्याने आम्हाला भुरळ घालून बिघडवले, अशा अर्थाचे तुर्की वाक्य आले आहे. येथे ‘कान्दिर्माक’, म्हणजे फसवणे, एवढे पुरे होते. शिवाय ब्रिटिश माणूस बागेच्या वाटेने ‘वर’ नेतो आणि अमेरिकन ‘खाली’ नेतो, हेही सांगायला हवे होते. कार्डावर एक, ध्वनिफितीत दुसरे, अशी अवस्था आहे.

जेथे वाट लोखंडाची किंवा पाण्याची आहे, तेथे मात्र हा पाठ उत्तम आहे, आणि त्याचे कारणही सरळ आहे: यंत्राला नीती नसते, त्यामुळे वजनाचा प्रश्न कमी येतो. ‘गो ऑफ द रेल्स’साठी ‘रायदान चिक्माक’ बरोबर बसते. तुर्कस्तानातील पहिल्या रेल्वेमार्गांपैकी इझमीर ते आयदिन हा मार्ग 1856 साली एका ब्रिटिश कंपनीलाच बांधायला दिला होता. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी त्याआधी तीन वर्षे धावली, आणि ‘गाडी रुळावरून घसरली’ हे आपणही तेव्हापासूनच म्हणत असू. जहाजाच्या बाबतीत ‘ऑफ कोर्स’ला ‘रोतादान सापमाक’, आणि दिशाभान हरपण्याला ‘पुसुलायि शाशिर्माक’, म्हणजे होकायंत्राचाच गोंधळ होणे, हे प्रतिशब्द देणाऱ्याला तुर्की चांगली येते यात शंका नाही. ‘ऑफ कोर्स’ म्हणजे मार्गावरून ढळलेला, आणि एका ‘एफ’ने कमी असलेला ‘ऑफ कोर्स’ म्हणजे अर्थातच, हा फरक सरावात तीन वेळा वेगवेगळ्या रीतीने विचारला आहे. माझ्या वर्गात तिसऱ्या वेळीही दोघे चुकले, म्हणजे प्रश्न आवश्यकच होता.

याच भागात पाठातील माझे सर्वांत आवडते कार्ड आहे. योजना हाताबाहेर जाते अशा अर्थाने वापरलेल्या ‘ऑफ द रेल्स’साठी तेथे दुसरा पर्याय म्हणून ‘चिइरिंदान चिक्माक’ दिला आहे. ‘चिइर’ म्हणजे कोसळत्या हिमकड्याने बर्फात पाडलेली रेघ, किंवा गुरांच्या जाण्यायेण्याने बर्फात उमटलेली अरुंद पायवाट. एखादी गोष्ट त्या रेघेतून बाहेर पडली म्हणजे हाताबाहेर गेली. पूर्व अनातोलियाच्या हिवाळ्यात अशा रेघेतून पाय बाहेर पडला तर कंबरेइतक्या बर्फात जातो, हे कार्डावर एका वाक्यात सांगितले आहे आणि ते वाक्य वाचल्यावर वाक्प्रचार विसरणे अशक्य आहे. नवा पायंडा पाडण्यालाही तुर्कीत ‘चिइर आचमाक’, बर्फात रेघ उघडणे, म्हणतात. लॅटिनमध्ये शेतकऱ्याच्या नांगराची सरी सुटण्यावरून भ्रमासाठीचा शब्द आला, आणि तोच आज इंग्रजी वैद्यकात ‘डिलिरियम’ म्हणून आहे. नांगराची सरी असो की बर्फातली रेघ, शेतकरी आणि धनगर यांच्या भाषेत बुद्धीचा रस्ता फार रुंद नसतो. सगळी 24 कार्डे अशी असती तर हे परीक्षण चार ओळींत संपले असते.

व्याकरणाच्या अंगाने ‘सापमाक’ या क्रियापदाची हाताळणी नेटकी आहे. शब्दाला ‘कडे’च्या अर्थाचा प्रत्यय लागला तर सापमाक म्हणजे वळणे, जसे उजवीकडे वळणे, ‘वरून’ किंवा ‘पासून’च्या अर्थाचा प्रत्यय लागला तर ढळणे, जसे विषयापासून ढळणे. मराठीतही ‘वाटेला लागणे’ आणि ‘वाटेवरून ढळणे’ यांत सगळा फरक प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय करतात, म्हणून मला हे लगेच पटले. तुर्की माणसाला इंग्रजीत हा फरक प्रत्ययाने नव्हे तर ‘फ्रॉम’, ‘ऑफ’, ‘अवे’ अशा सुट्या शब्दांनी दाखवायचा असतो, आणि सराव त्यावरच बेतलेला आहे. पण येथेही एक सापळा उघडा ठेवला आहे. सापमाकपासून ‘सापिक’ हा शब्द बनतो आणि तो विकृत माणसासाठीची जहाल शिवी आहे. इंग्रजीतही ‘डीव्हिएट’ हे क्रियापद निरुपद्रवी आणि ‘डीव्हिअंट’ हे नाम घातक. पाठाने ‘डीव्हिएट’ हा पर्याय सुचवला आहे आणि इशारा दिलेला नाही. परिणामी ठरलेल्या कार्यक्रमात थोडा बदल केला, हे सांगताना वर्गातील एका सभ्य गृहस्थाने स्वतःला ‘डीव्हिअंट’ म्हणवून घेतले. आपल्याकडे ‘व्यभिचार’ या शब्दाचे असेच झाले आहे. मूळ अर्थ केवळ भलतीकडे जाणे, आणि न्यायशास्त्रात तो आजही हेतू साध्याला सोडून भलतीकडे जाण्यासाठी निर्विकारपणे वापरतात, पण घरात तो उच्चारण्याची सोय उरलेली नाही.

‘स्ट्रे’ या विशेषणाची दोन कार्डे आहेत. भरकटलेल्या गोळीला तुर्कीत ‘सेर्सेरि कुर्शुन’, भटकी किंवा उनाड गोळी, म्हणतात आणि ते कार्ड निर्दोष आहे. लग्नात हवेत झाडलेली गोळी खाली येताना कोणाला लागली तर तिला ‘योर्गुन मेर्मि’, दमलेली गोळी, म्हणतात, तेही दिले असते तर बहार आली असती. दुसरे कार्ड भटक्या कुत्र्याचे आहे, आणि तेथे ‘बाशिबोश’ हे विशेषण बेधडक दिले आहे. बाशिबोश म्हणजे ज्याच्या डोक्यावर कोणाचा ताबा नाही असा, मोकाट. तुर्की संसदेने 30 जुलै 2024 रोजी 2004 च्या प्राणिसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून रस्त्यावरची कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली, तेव्हापासून हा शब्द निरागस राहिलेला नाही. कायद्याच्या बाजूचे लोक ‘बाशिबोश कुत्री’ म्हणतात, विरोधातले ‘सोकाक’, म्हणजे गल्लीतली, कुत्री म्हणतात, आणि कायद्याची भाषा ‘साहिप्सिझ’, म्हणजे बिनमालकाची, म्हणते. ‘साहिप’ म्हणजे मालक, आपल्या ‘साहेब’ या शब्दाचाच सख्खा भाऊ. ‘मोकाट’ आणि ‘भटकी’ यांतला फरक मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. 1910 साली याच शहरातील हजारो कुत्री पकडून मारमारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर मरायला सोडली होती, आणि ती आठवण वादात दरवेळी निघते. इंग्रजी ‘स्ट्रे’ या सगळ्यापासून अलिप्त आहे. कार्डावर तीनही तुर्की शब्द हवे होते. एकच दिल्यामुळे आमच्या वर्गात वीस मिनिटे कायद्यावर भांडण झाले आणि त्या दिवशीचे पुढचे कार्ड, विषयांतराचे, आम्हाला घेताच आले नाही.

ते कार्ड पुढच्या तासाला घेतले, आणि ते ठीकठाक आहे. ‘ऑन अ टँजंट’ जाण्याला ‘कोनुदान सापमाक’ दिले आहे. इकडच्या तिकडच्या गप्पांना तुर्कीत ‘ओढ्यावरून, टेकडीवरून’ बोलणे म्हणतात आणि मुद्द्यावर येण्याला ‘सादेदे गेल्मेक’; दोन्ही दिले आहेत.

पाठात एक वाक्प्रचार मुळीच नाही, आणि त्याची उणीव मला सर्वांत जास्त जाणवली. ‘गो आउट ऑफ वन्स वे’, म्हणजे दुसऱ्यासाठी मुद्दाम आपली वाट सोडून त्रास घेणे. मराठीत आपण ‘वाट वाकडी करून आलात’ म्हणतो आणि त्यात कृतज्ञता असते. वाट सोडण्याचे हे एकच रूप आहे ज्याबद्दल आभार मानले जातात, आणि तुर्की शिष्टाचारात त्याची जागा तयारच आहे: घरी आलेल्या पाहुण्याला ‘झाह्मेत’ झाली, म्हणजे तसदी झाली, असे यजमान म्हणतोच म्हणतो. कळपातून सुटणाऱ्याला लांडगा उचलतो या म्हणीने सुरू होणाऱ्या पाठात वाट सोडण्याची स्तुती बसली नसेल, असे मला वाटते. पण रोजच्या पत्रव्यवहारात हाच वाक्प्रचार सर्वांत जास्त लागतो.

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात सांगायचे तर आवाज स्पष्ट आहेत, वाक्ये वाजवी वेगाने वाचली आहेत, फेरीबोटीवर नेटवर्क गेले तरी उतरवून घेतलेला पाठ चालतो. सराव चांगला आहे, परंतु तो इंग्रजीकडून तुर्कीकडेच जातो. उलट दिशेचा एकही प्रश्न नाही, आणि वजनाच्या चुका पकडल्या जातात त्या उलट दिशेनेच. जो स्वतःच्या बळावर शिकतो आहे आणि ज्याच्या हाताशी विचारायला कोणी नाही, त्याने हा पाठ सध्या घेऊ नये. ज्याला शिक्षक आहे त्याने जरूर घ्यावा. वर्गात भांडायला यातून पुष्कळ साहित्य मिळते. पाचपैकी तीन गुण देताना त्यांतला एक पूर्ण गुण मी बर्फातल्या रेघेच्या कार्डाला देत आहे.

माझ्या हरकती मी सेवा चालवणाऱ्यांना तुर्कीतून कळवल्या होत्या. नऊ दिवसांनी नम्र उत्तर आले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात ‘गो अस्ट्रे’च्या कार्डावर ‘पत्र, सामान, कागदपत्रे यांबाबत : कायबोल्माक’ अशी ओळ वाढलेली दिसली. आनीच्या चित्राखाली पाखरू अजून उडत नाही आणि तांडा अजून जात नाही. आमच्या कस्टम्स दलालाने इंग्रज पुरवठादाराला दुसरे, शांत पत्र लिहिले आणि ते पाठवण्याआधी मला दाखवले. त्यात त्याने आपले पहिले उत्तर ‘अस्ट्रे’ गेले होते असे समजावे, अशी विनंती केली होती. मी त्यात एका अक्षराचाही बदल सुचवला नाही.